उपरण्याखालचा भाव : घोटीच्या पेठेवरून एक इतिहासविचार

मुंबईहून आग्रा रस्त्यानें कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी मागें टाकली कीं थोड्याच अंतरावर घोटी लागते. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगाचें हें गांव. दक्षिणेस कळसूबाईची रांग, जवळच दारणेचें खोरें, आणि चोहोंकडे भाताचीं खाचरें. नाशिकच्या द्राक्षांचा आणि निफाड-लासलगांवच्या कांद्याचा लौकिक दूरवर पसरला आहे. परंतु त्याच जिल्ह्याचा हा डोंगराळ कोपरा पावसाचा आणि भाताचा आहे. वाड्यापाड्यांवर पिकणारें भात घोटीस येतें, येथील गिरण्यांत भरडलें जातें, आणि तांदूळ होऊन शहरांच्या दुकानांत पोंचतें. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं शिजणारा भात याच वाटेनें आलेला असेल.

पिकविणारा आणि खाणारा यांच्यामध्यें जे हात असतात, त्यांच्या व्यवहारांत न्याय किती व अन्याय किती, आणि तो अन्याय दूर करण्याचे प्रयत्न आजवर कसकसे झाले, हें या पेठेच्या निमित्तानें पाहण्याचा आमचा विचार आहे. व्यापारी तेवढा लबाड, असा सरसकट सिद्धांत आम्हांस मांडावयाचा नाहीं. धान्य वाहून नेणें, सांठविणें, बुडीताची जोखीम घेणें हें खरें काम आहे आणि त्याचा मोबदला कोणासही नाकारतां येणार नाहीं. प्रश्न उत्पन्न होतो तो कर्ज देणारा, माल घेणारा आणि माप धरणारा एकच असतो तेव्हां.

रेल्वेपूर्वीं हा प्रदेश थळघाटाच्या वाटेवरचा. वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे कोंकणांतून मीठ वर आणीत व देशावरचें धान्य खालीं नेत. १८६५ सालीं जी. आय. पी. रेल्वेनें घाट चढून इगतपुरी गांठली आणि मुंबईचें गिऱ्हाईक जवळ आलें. पेठांची भरभराट झाली. परंतु पेठ भरभराटली म्हणून तींत माल आणणारा भरभराटला, असें होतेंच असें नाहीं. सरकारी सारा रोख भरावयाचा, त्याचा हप्ता सुगीच्या पाठोपाठ यावयाचा, आणि त्याच सुमारास सर्वांचें भात एकदम बाजारांत उतरावयाचें. भाव पडलेला असतांना विकणें भाग. आणि आषाढ-श्रावणांत घरची कणगी रिती झाली म्हणजे चढ्या भावानें तेंच धान्य परत घेणें भाग. ज्याला थांबतां येई तो भाव ठरवी, आणि ज्याला थांबतां येत नसे तो माल देऊन मोकळा होई.

ज्याच्यापाशीं रोकड असे तोच बहुधा सावकार, तोच दुकानदार आणि तोच धान्याचा खरीददार. पावसाळ्यांत त्यानें दिलेला मणभर दाणा सुगींत सवाई-दिढीनें परत जाई. कधीं उभें पीकच आगाऊ ठरलेल्या भावानें लिहून घेतलें जाई. मापाचा प्रकार आणखी निराळा. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, हें कोष्टक जुन्या शाळांतून मुलें घोकीत. परंतु शेर सर्वत्र सारखा नव्हता, आणि एका तालुक्याची पायली दुसऱ्या तालुक्याच्या पायलीशीं जुळत नसे. त्यांतही माप शिगेचें कीं सपाट, हा वाद असेच. घेतांना शीग लावून घ्यावयाचें आणि देतांना काठावरून हात फिरवून द्यावयाचें, एवढ्यानेंच वहींत एकही खोटा आंकडा न लिहितां गरिबाचें धान्य कमी होत असे.

या स्थितीस पहिलें उत्तर मिळालें तें कायद्याकडून मिळालें नाहीं. कळसूबाईच्या पलीकडील अकोले तालुक्यांत देवगांव आहे. तेथील राघोजी भांगरे यानें १८४४ च्या सुमारास महादेव कोळ्यांचें बंड उभारलें. तें इंग्रजी अंमलाविरुद्ध होतेंच. पण त्याचा मोठा रोख सावकारांवर होता. सावकारांचीं नाकें कापल्याच्या हकीकती सरकारी दप्तरांत नमूद झाल्या आहेत. १८४८ च्या प्रारंभीं राघोजी पकडला गेला आणि त्याच वर्षीं २ मे रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत त्यास फांशी देण्यांत आलें. नाक कापल्यानें हिशेब चुकता होत नाहीं, हें उघड आहे. तथापि या क्रौर्याचें मूळ पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, नव्या न्यायालयांना रोखा दिसत असे. त्या रोख्यामागील माप दिसत नसे. रोख्यावर अंगठा आहे ना, एवढें पाहून हुकूमनामा होई. ज्यास आपली बाजू मांडावयास कोठें जागाच उरली नाहीं, तो डोंगरांत शिरला.

पुढें १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंगा झाला आणि त्याचें लोण पुणें व नगर या जिल्ह्यांतील अनेक गांवीं पोंचलें. या दंग्यांत शेतकऱ्यांनीं मागितले ते रोखे व खतें, आणि हातीं आल्यावर जाळलीं तींच. चौकशीसाठीं आयोग बसला आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. रोख्यावरचा आंकडा प्रमाण न मानतां मूळ देणें कसकसें वाढत गेलें हें पाहण्याचा अधिकार न्यायाधीशास त्यानें दिला. सुधारणा मोठी होती. परंतु आरंभीं ती पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांपुरती होती, नाशिक तींत नव्हतें. आणि ती कर्जापुरती होती. शेतकरी बाजारांत माल घेऊन उभा राही तेव्हां त्याच्यामागें हा कायदा उभा नसे.

बाजारांत काय चाले, याचें चित्र १९२६ सालीं नेमलेल्या शाही कृषि-आयोगाच्या १९२८ च्या अहवालांत आढळतें. वजनें व तराजू यांत लबाडी. धर्मादाय, गोरक्षण अशा नांवांखालीं विक्रेत्याच्या पैशांतून कपात. नमुना म्हणून घेतलेला आणि परत न दिलेला माल. आणि भाव ठरविण्याची ती प्रसिद्ध रीत, म्हणजे खरीददार व आडत्या यांनीं उपरण्याखालीं एकमेकांचीं बोटें दाबून मुक्यानेंच सौदा करणें. मालाचा धनी समोर उभा असे, पण त्याच्या मालाचा भाव काय ठरत आहे हें त्यासच कळत नसे. आयोगानें एक मार्मिक गोष्ट दाखविली आहे. दलाल नांवाचा विक्रेत्याचा प्रतिनिधि असला तरी त्याची रोजची गांठ खरीददाराशीं पडते, शेतकऱ्याशीं वर्षांतून एकदोनदां. मग त्याचा कल कोणीकडे झुकेल? येथें दुष्ट माणूस शोधण्याचें कारण नाहीं. सामान्य माणूस त्या जागीं बसविला तरी तो असाच वागेल, अशी ती रचनाच होती.

याहून निराळ्या रचनेचा पहिला प्रयोग वऱ्हाडांत झाला. कारंज्याचा कापसाचा बाजार १८८६ सालीं नियमाखालीं आला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. मुंबई इलाख्यांत १९२७ सालीं कापूस-बाजारांपुरता, आणि १९३९ सालीं एकंदर शेतमालासाठीं कायदा करण्यांत आला. लासलगांवची बाजार समिति १९४७ ची. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर १९६३ चा व्यापक कायदा आला. उघडा लिलाव, परवानेदार मापारी, ठरलेली हमाली-तोलाई, आणि समितींत शेतकऱ्यांचे प्रतिनिधि, हीं यांतील पुढच्या कायद्यांचीं मुख्य कलमें. १९५६ च्या कायद्यानें वजनमापांत दशमान पद्धति आली आणि शेर-पायलीचा घोळ निदान मोठ्या व्यापारांतून गेला. आज घोटीसही बाजार समिति आहे. उपरणें गेलें आणि भाव मोठ्यानें बोलला जाऊं लागला, ही गोष्ट लहान समजूं नये. तिच्यासाठीं दोन पिढ्या खपल्या आहेत.

तथापि पेठेपर्यंत माल आणणाराच ज्या कायद्याच्या कक्षेंत येतो, त्या कायद्यानें पाड्यावरच्या माणसाचें काय होणार? इगतपुरीच्या डोंगरांत महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांची वस्ती आहे. तेथें माल बाजारांत येण्यापूर्वींच गहाण पडलेला असे. हें ओळखून १९७२ सालीं आदिवासी विकास महामंडळ स्थापन झालें, त्याचें मुख्य ठाणें नाशिकासच आहे. आणि १९७६ सालीं आदिवासींची आर्थिक स्थिति सुधारण्याचा स्वतंत्र कायदा झाला. ठराविक क्षेत्रांत मालाची एकाधिकार खरेदी आणि पावसाळ्यासाठीं खावटी कर्ज, अशी त्याची दुहेरी योजना. आमच्या मतें या प्रश्नाचें मर्म एवढ्या स्पष्टपणें ओळखणारा दुसरा कायदा या प्रांतांत झाला नाहीं. कारण श्रावणांतला दाणा आणि मार्गशीर्षांतला भाव हे एकाच दोरीचे दोन पदर आहेत, हें त्यानें मानलें. मात्र अशा योजनेचें यश कागदावर ठरत नाहीं. खरेदीचें केंद्र दूर असलें, पैसे उशिरां हातीं पडले, तर अडलेला माणूस जवळच्या रोकडीकडेच वळतो. आणि मग जुना व्यवहार नव्या कायद्याच्या आडोशानें पूर्ववत् चालू राहतो.

बाजार समित्यांच्या वाट्यासही हेंच आलें. जी संस्था अन्याय मोडण्यासाठीं जन्मली तींत कालांतरानें थोड्या परवानेदारांचा पक्का गट तयार होतो, आणि बाहेरच्या खरीददारास आंत येणें अवघड होतें. आडत विक्रेत्यानें द्यावी कीं खरीददारानें, हा साधा प्रश्न महाराष्ट्रांत कित्येक वर्षें भिजत पडला होता. शेतकरी संघटनेच्या शरद जोशी यांनीं १९८० सालीं कांदा व ऊस यांच्या भावासाठीं नाशिक जिल्ह्यांत रस्ते व लोहमार्ग अडविण्याचें आंदोलन केलें, तेव्हां त्यांनीं बोट ठेविलें तें पेठेच्याही पलीकडे, सरकारच्या धोरणावर. २०१६ सालीं राज्य सरकारनें फळें व भाजीपाला समित्यांच्या बंधनांतून मोकळा केला आणि त्यांची आडत खरीददाराकडून घ्यावी असें ठरविलें. २०२० सालीं केंद्र सरकारनें समित्यांबाहेरील व्यापार सर्वत्र खुला करणारा कायदा इतर दोन कायद्यांसह केला. मोठें आंदोलन झालें आणि २०२१ च्या नोव्हेंबरांत ते तिन्ही कायदे मागें घेतले गेले. समिति ठेवावी कीं मोडावी या वादांत दोन्ही पक्ष एकाच भीतीनें बोलत होते. आपल्यापेक्षां बलवान् खरीददारासमोर एकट्यानें उभें राहण्याची ती भीति.

ही भीति केवळ आमच्याच देशांत आहे असें नाहीं. युरोपांत मोजक्या मोठ्या दुकानसाखळ्यांच्या हातीं किराण्याचा बहुतेक व्यापार गेल्यावर तेथील शेतकरी व पुरवठादार याच तक्रारी करूं लागले. ब्रिटननें २०१३ सालीं मोठ्या किराणा-विक्रेत्यांच्या वर्तनावर देखरेख ठेवण्यासाठीं स्वतंत्र अधिकारी नेमला. युरोपीय संघानें १७ एप्रिल २०१९ रोजीं अनुचित व्यापारप्रथांविरुद्ध निर्देश काढला. नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांच्या आंत व इतर मालाचे ६० दिवसांच्या आंत दिलेच पाहिजेत. नाशवंत मालाची मागणी ऐन वेळीं रद्द करतां कामा नये. करारांतील अटी एकतर्फी बदलतां येणार नाहींत. आणि तक्रार करणाऱ्यावर सूड उगवतां येणार नाहीं. तक्रारदारानें मागितल्यास त्याचें नांव गुप्त ठेवण्याचीही त्यांत तरतूद आहे. हें शेवटचें कलम आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. ज्याच्याकडे पुढील वर्षीं पुन्हां माल घेऊन जावयाचें आहे त्याच्याविरुद्ध उघडपणें बोलण्याचें धैर्य फ्रान्सच्या गोपाळासही होत नाहीं. मग घोटीच्या रस्त्यावर भाताचीं पोतीं उतरविणाऱ्यास तें कोठून व्हावें?

आतां वाचकांच्या घराकडे वळूं. शेतकरी विकतो तें भात, आणि आपण घेतों तो तांदूळ. सरकारी भरडाईच्या हिशेबानें शंभर किलो भाताचे ६७ किलो तांदूळ धरतात. उरतें तें तूस, कोंडा व कणी, आणि त्यांसही बाजारांत किंमत असते. सरकारी खरेदींत भातांतील ओलावा १७ टक्क्यांहून अधिक चालत नाहीं. म्हणजे आजचा वाद शिगेच्या मापाचा राहिलेला नाहीं. ओलावा किती धरावा, उतारा किती मानावा, पोत्यामागें कडता किती कापावा, आणि पैसे कोणत्या दिवशीं द्यावे, यांवर तो आला आहे. काटा विजेचा झाला, तरी त्याचा आंकडा कोणास दिसतो व वाचतां येतो, हा प्रश्न जुनाच आहे. समृद्धि महामार्गानें २०२५ च्या जूनपासून नागपूर ते मुंबईचें दार असा सारा प्रदेश जोडला, आणि तो याच तालुक्यांतून जातो. १८६५ सालीं रेल्वेनें जें केलें तेंच आतां हा रस्ता करील: बाजार जवळ आणील. पिकविणाऱ्याची थांबण्याची शक्ति तो आपोआप वाढविणार नाहीं.

ती शक्ति कशानें वाढते, हें या दीडशें-पावणेदोनशें वर्षांच्या इतिहासांत विखुरलेलें आहे. गांवाजवळ कोठार आणि त्यांतील मालावर मिळणारें कर्ज, पावसाळ्याची तरतूद, विक्रीच्याच दिवशीं पैसे, धन्याच्या समोर काटा, आणि नांव न फुटतां तक्रार करण्याची सोय. यांपैकीं प्रत्येक गोष्ट कोठें ना कोठें करून पाहिलेली आहे; सर्व एका ठिकाणीं, एका वेळीं क्वचितच झाल्या आहेत. तांदूळ विकत घेणाऱ्या आपणां सुशिक्षितांस यांत कांहींच कर्तव्य नाहीं असें नव्हे. दुकानदारापाशीं आपण भाव विचारतों, वाण विचारतों, जुना कीं नवा हेंही विचारतों. हें भात कोणाकडून आलें आणि त्याचे पैसे केव्हां चुकते झाले, हा प्रश्नही त्याच पंक्तींत बसविण्यास हरकत नसावी. गिऱ्हाइकांनीं तो विचारावयास लागणें, एवढ्यानेंही पेठेंतल्या पुष्कळ गोष्टी उजेडांत येतील.