कामगाराची लेखणी

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्यप्रदेशाच्या सीमेलगत, बपेरा हे आमचे गाव आहे. आमच्या लहानपणी सुगी आटोपली म्हणजे या बाजूच्या खेड्यांतून रात्र रात्र 'खडी गंमत' चाले. डफ-तुणतुण्याच्या साथीवर उभ्याने गाणारे, नाचणारे आणि सोंगे आणणारे हे लोक दिवसा कोण असत? कोणी धानाच्या बांधीत राबणारे, कोणी मँगनीजच्या खाणीत जाणारे, तर कोणी बिड्या वळून पोट भरणारे. रात्री मात्र तेच लोक सावकाराची, पुढाऱ्याची व अंमलदाराची अशी फजिती करीत की, सारा गाव पोट धरधरून हसे. उजाडले की ते पुन्हा मजूर आणि आम्ही पांढरपेशे! त्यांच्यापैकी एखाद्याच्या मनात ग्रंथकार होण्याची आकांक्षा असेल, हा विचार निदान माझ्या मनाला तरी कधी शिवला नव्हता. तो ज्यांच्या चरित्राने मला शिकविला, त्या शाहीर अण्णाभाऊ साठे यांच्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

तुकाराम भाऊराव साठे हे त्यांचे मूळ नाव. १ ऑगस्ट १९२० रोजी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील, वाटेगाव या खेड्यात एका मांग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. इंग्रज सरकारने ज्या जातिजमातींवर 'गुन्हेगार' असा शिक्का मारून हजेरीचा जाच लादला होता, त्यांपैकीच ही एक. शाळेचे दर्शन त्यांना झाले ते दीड दिवसाचे, असे सांगतात. पुढे आईबापांबरोबर ते पायी मुंबईस गेले. तेथे कोळसे वेचावे, ओझी वहावीत, गिरणीत खपावे, असा क्रम सुरू झाला. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचीत. श्रोतेहो, आपल्या मुलांस आपण मुळाक्षरे घरी शिकवितो; या मुलाचा गुरू रस्ता होता.

माटुंग्याच्या लेबर कँपात त्यांचा साम्यवादी कार्यकर्त्यांशी संबंध आला. तेथे त्यांना दोन गोष्टी एकदम गवसल्या. आपले दारिद्र्य हे दैवाचे देणे नसून त्यास कारणे आहेत, ही राजकीय जाणीव ही एक. आणि ती जाणीव आपल्या शब्दांत हजारोंच्या गळी उतरविता येते, हा आत्मविश्वास ही दुसरी. १९४३ साली त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. ज्या शाहिरी परंपरेने तानाजीचा सिंहगड गायिला, तिच्यात व्होल्गाकाठचे नगर आणून बसविणे हे लहान धाडस नव्हे. बंगालच्या दुष्काळानेही त्यांच्या कवनास विषय दिला. १९४४ साली अमरशेख व द. ना. गवाणकर यांच्यासह 'लाल बावटा कलापथक' उभे राहिले, आणि गिरणगावातील मैदाने डफाच्या आवाजाने दुमदुमू लागली.

१९४७ साली स्वातंत्र्य आले. तथापि चाळीतील अंधार व चुलीवरचे रिकामे भांडे तसेच राहिले. हे स्वातंत्र्य खोटे असून जनता भुकेली आहे, अशा आशयाची घोषणा त्या काळी डाव्या कामगार चळवळीत उठली. ती रास्त होती की नव्हती, याविषयी आपणांत मतभेद असतील, आणि मीही त्या मताचा नाही. परंतु ज्याच्या घरी पहाट झालीच नाही, त्याने सूर्योदयाची ग्वाही कशी द्यावी, एवढे तरी आपण समजून घेतले पाहिजे.

पुढे मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, आणि कलापथकही त्या बडग्यातून सुटले नाही. एखादा निराश होऊन बसला असता. अण्णाभाऊंनी काय केले? तमाशातील गण, बतावणी व वग यांचा सांगाडा घेऊन त्यात त्यांनी कामगारांचे व शेतकऱ्यांचे प्रश्न भरले, आणि त्यास 'लोकनाट्य' असे नाव दिले. तमाशा करावयाचा नाही ना? मग हे लोकनाट्य आहे! ज्या शब्दास आज आपल्या घरांत प्रतिष्ठा आहे, तो असा एका बंदीच्या पोटी रूढ झाला. वाङ्मयाच्या इतिहासात ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दुसरी निराशा प्रांतरचनेची. १९५६ साली आमचा भंडारा जिल्हा विदर्भाच्या इतर जिल्ह्यांबरोबर जुन्या मध्यप्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. पलीकडचा बालाघाट जिल्हा मध्यप्रदेशातच राहिला. सीमारेषा नकाशावर काढतात, पण ती सोयऱ्याधायऱ्यांच्या अंगणातून जाते, हे आम्हा सीमेवरच्या लोकांस सांगावे लागत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊंनी 'माझी मैना' ही लावणी लिहिली. पोटासाठी मुंबईस आलेला मजूर व गावी राहिलेली त्याची पत्नी, यांच्या ताटातुटीचे हे गाणे. ऐकता ऐकता त्या विरहिणीच्या जागी मराठी मुलखाचा तुटलेला भाग दिसू लागतो. राजकीय मागणी आणि संसारातील दुःख एका सुरात गाणे, हे ज्याने ते दुःख भोगले त्यासच साधावे! १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मुंबई मिळाली, बेळगाव मात्र राहिले.

शाहीर म्हणून नाव झाले, तरी अण्णाभाऊंची उमेद कादंबरीकार होण्याची होती. रशियन लेखक मॅक्सिम गॉर्की हा त्यांचा आदर्श. १९५८ साली मुंबईस भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून श्रमिक दलितांच्या तळहातावर तरलेली आहे, असे त्यांनी सांगितले. पुढल्याच वर्षी 'फकिरा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. दुष्काळात आपली माणसे जगविण्यासाठी धान्य लुटणारा व इंग्रजी सत्तेशी झुंजणारा मांग तरुण हा तिचा नायक. सरकारी दप्तरात जो गुन्हेगार, तो येथे वीरपुरुष झाला. साम्यवादी चळवळीत वाढलेल्या या लेखकाने ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली, आणि तिला प्रस्तावना लिहिली वि. स. खांडेकरांनी. १९६१ साली तिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ज्या देशाच्या लढाईचा पोवाडा त्यांनी न पाहता गायिला होता, तो रशियाही त्यांनी डोळ्यांनी पाहिला. सुमारे पस्तीस कादंबऱ्या, शिवाय कथा, नाटके व प्रवासवर्णन, एवढा हा संसार घाटकोपरच्या चिरागनगर वस्तीतील झोपडीत राहून उभा राहिला. लौकिक आला, सुबत्ता आली नाही. १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही न गाठता, ते हे जग सोडून गेले. २००२ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले व २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभारला गेला.

या चरित्रावरून काय घ्यावे? राजकारणाने निराश झालेला मनुष्य वाङ्मयाकडे वळतो, असे आपण सहज म्हणतो. अण्णाभाऊंच्या बाबतीत ते खरे नाही. 'मलाही माणसांत मोजा' ही एकच मागणी त्यांनी मोर्चात केली व कादंबरीतही केली. म्हणून एक दार मिटले की त्यांची लेखणी दुसरे शोधी. पोवाडा, वग, लावणी, कथा ही त्या दारांचीच नावे.

जाता जाता एक कबुली देतो. मी पुष्कळ वर्षे मुलांस मराठी शिकविले. एकदा बिड्या वळणाऱ्या बाईच्या मुलाने 'माझी आई' या विषयावर निबंध लिहिला. रात्री चिमणीच्या उजेडात आई पाने कापते, आपण मोजून जुड्या लावतो आणि झोप आली की ती आपल्या डोळ्यांस पाणी लावते, असे त्यात होते. परंतु डोळ्यास त्याने 'डोरा' लिहिले होते व पाण्यास 'पानी'. आमच्या झाडीबोलीतले हे शब्द मी तांबड्या शाईने एकूण एक खोडले आणि दहांपैकी तीन गुण दिले. पुढे तो मुलगा शाळा सोडून मजुरीस गेला. माझ्या तीन गुणांमुळेच गेला, असे मी म्हणत नाही. पण त्याने पुन्हा काही लिहिले असेल, असे मला वाटत नाही. 'फकिरा' मी त्यानंतर वाचली. वारणाकाठची रांगडी बोली तीत मानाने बसलेली पाहिली, तेव्हा ती तांबडी शाई मला आठवली.

श्रोतेहो, आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचा मुलगा, आपला पेपर टाकणारा पोर, यांच्याजवळ एखादी वही असेल. ती पाहावयास मागा, आणि वाचताना हाती तांबडी शाई घेऊ नका.