बदलीच्या गावातली दोस्ती

मराठी चित्रपटातले मूल म्हटले की बहुतेकांना आधी आठवतो तो श्याम. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ १९५३ साली आला आणि पुढच्या वर्षी राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्याला मिळाला. साने गुरुजींचे पालगड आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातले. त्या गोष्टीत पाण्याला भिणाऱ्या श्यामला पोहायला धाडते ती आई. त्याचे रडणे, चुकणे, शहाणे होणे सारे आईच्या पदराशी. बरोबरीच्या पोरांना तिथे फारसे काम नाही.

पुढे बराच काळ आपल्या पडद्यावरचे एकटे मूल मोठ्या माणसांच्याच हाती राहिले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दहावी फ’मध्ये (२००२) शेवटच्या तुकडीतल्या, वाया गेलेली म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांना हात देतो तो एक शिक्षक. मिलिंद बोकील यांच्या २००४ सालच्या ‘शाळा’ कादंबरीवर सुजय डहाके यांनी केलेला चित्रपट २०१२ मध्ये चित्रपटगृहांत लागला. आणीबाणीच्या काळातला, नववीतला मुकुंद जोशी मनातले बोलतो ते मात्र दोस्तांशी, अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून.

आणि मग २०१५ मध्ये आला अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’. वडील गेलेला, अकरा वर्षांचा, अबोल चिन्मय काळे. आईची सरकारी नोकरीत बदली होते आणि तो शहर सोडून कोकणातल्या लहानशा गावी येतो. वर्गात आधीच जमलेली टोळी, तीत बंड्यासारखा वांड पोरगा. एकदा सगळे सायकली पिटाळत किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळतो आणि बाकीची पोरे त्याला मागे टाकून निघून येतात. एकट्या मुलाला यापरता अपमान नाही. रुसलेला चिन्मय एका अनोळखी मच्छीमाराबरोबर समुद्रावर जातो. फ्रान्समध्ये त्रुफो यांनी १९५९ साली केलेल्या ‘द फोर हंड्रेड ब्लोज’मधला मुलगाही शेवटी समुद्राशी येऊन थांबतो, पण तो एकटाच. चिन्मय परत येतो, आणि हळूहळू त्या टोळीतला होतो. मुळे धरू लागली तोच आईची पुन्हा बदली!

मित्रहो, ही गोष्ट मला ऐतिहासिक दस्तऐवजासारखी वाटते, याचे कारण माझे गाव. पोफळी कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली उतरवले गेले आणि १९६२ साली इथल्या भूमिगत वीजगृहात वीज तयार होऊ लागली. ती चालवायला माणसे आली घाटावरून, विदर्भातून, मराठवाड्यातून. त्यांच्यासाठी कॉलनी उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर धरणे, वीजघरे, तालुक्याच्या कचेऱ्या वाढल्या आणि त्यांच्याबरोबर बदली नावाची गोष्ट हजारो घरांत शिरली. तिने एक नव्याच जातीचे मूल घडवले: दर तीन-चार वर्षांनी शाळा सोडल्याचा दाखला हातात घेऊन नव्या वर्गाच्या दारात उभे राहणारे.

आम्ही स्थानिक पोरे. पण लाजरेपण आमच्याकडेही होते. माझ्या घरात कोकणी मुसलमानांची बोली, पुस्तकात पुण्याची मराठी. वर्गात तोंड उघडले की कुणीतरी हसायचेच. माझ्या बाकावर येऊन बसला तो घाटावरचा एक मुलगा. त्याच्या ‘लई’ आणि ‘न्हाई’लाही वर्ग हसायचा. दोघांच्या बोलण्याला हसतात, एवढ्या भांडवलावर आमची दोस्ती जमली. त्याच्याकडून मी भाकरीबरोबर ठेचा खायला शिकलो, माझ्या घरी ईदला तो शीरखुर्म्याच्या दोन वाट्या संपवायचा. दोन वर्षांनी त्यांच्या दारात सामानाचा ट्रक लागला. शब्दांशी माझे जे काही नाते जुळले, त्यात त्याचा वाटा आहे, कारण माझी बोली न हसता ऐकणारा तो पहिला होता.

वीजगृहाची नोंद मेगावॅटमध्ये होते, धरणाची टीएमसीमध्ये. या प्रकल्पांच्या छायेत जुळलेल्या आणि बदलीच्या ऑर्डरीने तुटलेल्या दोस्त्यांची नोंद कोणत्या दप्तरात ठेवायची? ‘किल्ला’ने ती ठेवली. २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला ‘क्रिस्टल बेअर’ मिळाले, ते बालपरीक्षकांच्या पसंतीने. मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या मुलांना चिन्मय कळला. पुढे उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला लाभला.

या चित्रपटाचे चित्रीकरण गुहागर परिसरात झाले. पोफळीला वीज देऊन मोकळे झालेले पाणी वाशिष्ठीतून चिपळूणवरून वाहत जाते आणि गुहागर तालुक्याच्या कडेने, अंजनवेलपाशी समुद्राला मिळते. घाटावरचे पाणी कोकणात येते आणि कोकणाचेच होऊन जाते. पोरांचेही तसेच असते. त्यांना थोडा वेळ मिळायला हवा. आपल्या मुलाच्या वर्गात या जूनमध्ये नवे कोणी आले असेल, तर त्याचे नाव काय, एवढे तरी घरी आल्यावर मुलाला विचारावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)