हळदीने सूज उतरते का?

गुडघा सुजला की 'हळदीच्या कॅप्सूल घेऊ का?' असे शीळफाट्याच्या दवाखान्यात रुग्ण नेहमी विचारतात.

चाचणी कशी करतात?
उंदराच्या पंजात कॅराजीनन हा समुद्री शेवाळातला पदार्थ टोचून सूज आणतात. काही उंदरांना आधी औषध देतात, काहींना देत नाहीत. काही तासांनी दोन्ही गटांची सूज मोजतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील श्रीमल आणि धवन यांनी १९७३ मध्ये हळदीतील कर्क्युमिनचा सूज कमी करणारा गुण अशा प्रयोगांतून दाखवला.

मग माणसांत?
उंदराची सूज काही तासांची, संधिवात वर्षानुवर्षांचा. शिवाय कर्क्युमिन पोटातून रक्तात फार कमी शोषले जाते. माणसांवरच्या काही अभ्यासांत गुडघेदुखीत थोडा आराम दिसला, पण ते बहुतेक लहान आहेत.

काय काळजी घ्याल?
भाजीतली, दुधातली हळद चालेल. कॅप्सूल मात्र विचारूनच घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर नक्कीच. डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाली तर कॅप्सूल थांबवून यकृताची तपासणी करा. तापासोबत सांधा सुजला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. चालू गोळ्या मनाने बंद करू नका.