सिंगापूर–न्यूयॉर्क : हवाई अंतर व प्रवासकाळ

सिंगापूरचा चांगी आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी या विमानतळांतील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे १५,३४९ किमी. (८,२८८ सागरी मैल) आहे. थेट विमानाला साधारण साडेअठरा ते एकोणीस तास लागतात. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालेली ही सेवा त्या वेळी जगातील सर्वांत लांब पल्ल्याची विनाथांबा नियमित सेवा ठरली.

हे अंतर भिंतीवरच्या नकाशावरून कळणार नाही. त्यासाठी पृथ्वीगोलच हवा. चांगी १.४° उत्तर, १०४° पूर्व, केनेडी ४०.६° उत्तर, ७३.८° पश्चिम. दोहोंच्या रेखांशांत जवळजवळ १७८° फरक असल्याने गोलावर ताणलेला दोरा उत्तर ध्रुवाला खेटून जातो. चांगीपासून ध्रुव ८८.६° आणि ध्रुवापासून केनेडी ४९.४°, म्हणजे एकूण १३८°. एका अंशाला १११.२ किमी. धरले, की उत्तर वरील आकड्याच्या अगदी जवळ येते.

प्रत्यक्षात विमान या रेषेवरून क्वचितच जाते. खरा हिशेब वाऱ्याचा असतो. मध्य अक्षांशांत उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो आणि पाठीशी असला, तर तासाला शंभर-दोनशे किलोमीटरची भर घालतो. म्हणून न्यूयॉर्कला जाणारे विमान बहुधा पॅसिफिकवरून जाते, तर परतीचे अनेकदा अटलांटिक ओलांडते. दोन्ही वेळा तोंड पूर्वेकडेच. दोन शहरे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध रेखांशांवर असल्यामुळेच ही विलक्षण सोय होते. जवळच्याच न्यूअर्क विमानतळाची सेवा २०१८ मध्ये पुन्हा सुरू करताना सिंगापूर एअरलाइन्सने मार्गाची लांबी सुमारे १६,७०० किमी. सांगितली होती.

न्यूअर्कची पहिली सेवा २००४ साली एअरबस ए३४०-५०० या चार इंजिनांच्या विमानाने सुरू झाली. इंधनखर्च न परवडल्याने ती २०१३ मध्ये थांबली. नंतर आलेल्या ए३५०-९०० यूएलआर या दोन इंजिनांच्या विमानात १,६५,००० लिटर इंधन मावते. त्याचे वजन सुमारे १३० टन, म्हणजे उड्डाणाच्या कमाल वजनाच्या जवळजवळ निम्मे. हा भार पेलण्यासाठी आसने १६१ च ठेवली आहेत. साधा इकॉनॉमी वर्ग नाही.

वेळापत्रकातला प्रवासकाळ विमान फलाटावरून निघाल्यापासून पलीकडे फलाटाला लागेपर्यंतचा असतो. हवेतला वेळ त्याहून कमी. दोन्ही शहरांच्या घड्याळांत उन्हाळ्यात १२, तर हिवाळ्यात १३ तासांचा फरक असतो. त्यामुळे उन्हाळ्यात सिंगापूरहून मध्यरात्री निघून १८ तास ४० मिनिटे प्रवास केलेला माणूस न्यूयॉर्कला त्याच तारखेच्या सकाळी ६.४० ला उतरतो.