ब्रेसेसची तार टोचते? घरी काय करावे, काय टाळावे

जळगाव/धुळे : वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी बसविल्या जाणाऱ्या ब्रेसेसचा, म्हणजेच बोलीभाषेतील ‘तारे’चा किंवा ‘क्लिप’चा उपचार साधारणतः दीड ते दोन वर्षे चालतो. या काळात डॉक्टरांची भेट महिन्या-दीड महिन्यातून एकदा होते. उरलेले सर्व दिवस तार तोंडात असते आणि तिची काळजी घरीच घ्यावी लागते. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल किंवा रावेरकडून एसटीने शहरात येणाऱ्या कुटुंबाला तर शनिवारी रात्री तार टोचू लागली म्हणून लगेच दवाखाना गाठता येत नाही. अशा वेळी घाबरून जाणे जितके अनावश्यक, तितकेच घरातील पक्कड हाती घेऊन तार तोडणे धोक्याचे असते. घरी करावयाचे उपाय हे त्रास कमी करण्यासाठी असतात, दुरुस्तीसाठी नव्हे. हा भेद लक्षात ठेवला तर बहुतेक अडचणी सहज निभावून नेता येतात.

सुरुवातीचे दुखणे

प्रत्येक दातावर चिकटविलेल्या लहान चौकटीला ब्रॅकेट म्हणतात. त्यातून जाणारी तार दातावर सौम्य पण सतत दाब देते. या दाबामुळे दाताच्या एका बाजूचे हाड विरत जाते, दुसऱ्या बाजूला नवे तयार होते आणि दात सरकतो. म्हणूनच तार बसविल्यावर किंवा बदलल्यावर काही तासांत दात ठणकू लागतात. साधारण दुसऱ्या दिवशी हा ठणका सर्वाधिक असतो आणि आठवडाभरात ओसरतो. या दिवसांत मऊ अन्न आणि थंड पाणी यांनी आराम पडतो. गरज भासल्यास डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल घ्यावे. सोळा वर्षांखालील मुलांना अॅस्पिरिन देऊ नये. वेदनाशामक गोळी हिरडीवर दाबून ठेवल्यास किंवा लवंगेचे तेल थेट लावल्यास नाजूक त्वचा भाजू शकते, म्हणून हे दोन्ही उपाय टाळावेत.

गाल सोलवटल्यास

ब्रॅकेटच्या घर्षणाने गालाला किंवा ओठाला आतून फोड येतात. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भराव्यात. टोचणाऱ्या ब्रॅकेटवर ‘ऑर्थोडॉन्टिक वॅक्स’ हे खास मेण लावावे. तार बसविताना ते डॉक्टरांकडून मागून घ्यावे. आधी हात धुऊन ब्रॅकेट कापसाने कोरडे करावे. मग वाटाण्याच्या दाण्याएवढे मेण बोटांत मळून त्यावर दाबून बसवावे. ओल्या जागी मेण टिकत नाही. जेवताना व दात घासताना ते काढून टाकावे. चुकून थोडे पोटात गेले तरी अपाय होत नाही. मेणबत्तीचे मेण मात्र वापरू नये.

तारेचे टोक बाहेर आल्यास

दात जसजसे सरकतात तसतसे तारेचे मागचे टोक दाढेपलीकडे येऊन गालात रुतू लागते. पेन्सिलीच्या मागील स्वच्छ खोडरबराने किंवा चमच्याच्या मागील बाजूने ते हलकेच दाताकडे वळवावे आणि वर मेण लावावे. टोक जागचे निसटले असेल तर आरशासमोर स्वच्छ चिमट्याने अलगद परत सरकवून पाहावे. जमले नाही तर जोर लावू नये. तार कापण्याचा प्रयत्न स्वतःहून करू नये. कापलेला तुकडा घशात किंवा श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. त्रास असह्य असेल तर आधी डॉक्टरांना दूरध्वनी करावा व ते सांगतील तसेच करावे.

ब्रॅकेट सुटल्यास

सुटलेले ब्रॅकेट बहुधा तारेत अडकून राहते. ते ओढू नये. फिरत असल्यास मेणाने स्थिर करावे. पूर्ण निघाले असेल तर डबीत जपून ठेवून भेटीच्या वेळी सोबत न्यावे. घरातील झटपट गोंदाने ते चिकटविणे घातक आहे. दुखत नाही म्हणून पुढील भेटीपर्यंत गप्प राहणे ही सर्रास होणारी चूक. त्या दातावरचा दाब थांबतो, तो मागे सरकू शकतो आणि उपचार लांबतो. म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवावे. दाढेभोवतीची पट्टी, म्हणजे बँड सैल झाल्यास विशेष घाई करावी, कारण तिच्याखाली अन्न साचून दाढ किडते. ब्रॅकेटभोवतीची रबरी कडी निघाल्यास आणीबाणी नसते, पण कळविणे आवश्यक असते.

खानदेशी ताट आणि तार

शेवभाजीतील भिजलेली शेव, खिचडी, वांग्याचे भरीत आणि जळगावची केळी ब्रेसेसला चालतात. भरतातील अख्खे शेंगदाणे मात्र बाजूला काढावेत. कळण्याची भाकरी रश्यात कुस्करून खावी. फुटाणे, चिक्की, केळीचे कडक वेफर्स, बर्फाचे खडे आणि दातांनी सोललेला ऊस यांनी ब्रॅकेट हमखास सुटते. पेरू, कैरी यांच्या बारीक फोडी करून मागील दातांनी चावाव्यात. तोंडात फोड असताना तिखट रस्सा टाळावा. हळदीने पारदर्शक रबरे पिवळी पडतात. त्यात दोष नसून पुढील भेटीत ती बदलली जातात. प्रत्येक जेवणानंतर मऊ ब्रशने दात घासावेत आणि तारेखालील अन्न दातांमधील बारीक ब्रशने काढावे. एरवी तार निघाल्यावर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग उरतात.

खानदेशच्या उन्हाळ्यात आणखी एक पथ्य पाळावे लागते. काढता-घालता येणारे रिटेनर किंवा प्लास्टिकचे अलायनर बंद मोटारीत ठेवू नयेत व गरम पाण्याने धुऊ नयेत. उष्णतेने त्यांचा आकार बिघडतो.

दवाखाना केव्हा गाठावा?

सुटलेला तुकडा गिळला गेल्यास तो बहुधा शौचावाटे निघून जातो, तरी डॉक्टरांना सांगावे. मात्र त्यानंतर खोकल्याची उबळ, श्वास लागणे किंवा गिळताना त्रास झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात जावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. चेहऱ्यावर सूज, ताप, न थांबणारे रक्त किंवा पडून दातांना मार लागणे यांवर घरगुती उपाय करत बसू नये. आपले डॉक्टर उपलब्ध नसल्यास जवळच्या रुग्णालयातील दंत विभागात जावे. धुळ्यात ए.सी.पी.एम. दंत महाविद्यालयही आहे.

घरात असावे असे

खास मेण, मऊ ब्रश व दातांमधील बारीक ब्रश, चिमटा, लहान आरसा, कापूस, मीठ, झाकणाची डबी आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक. परगावी शिकणाऱ्या मुलांच्या बॅगेतही हा संच ठेवावा. मुलाने तार तुटल्याचे सांगितल्यावर ‘काय खाल्लेस?’ असे रागावण्याआधी त्याचे तोंड पाहावे. रागावण्याच्या भीतीने मुले तुटलेली तार लपवितात आणि महिनाभराचा उपचार वाया जातो.