सातारची ‘प्रिया’ : जीर्णोद्धार की कायापालट?

१/ जुनी, दुर्मीळ दुचाकी हाती आली, तर तिला मूळ रूप परत द्यावे, की नव्या काळाला साजेसे फेरबदल करून ती चालवावी? मोटरसायकलच्या शौकिनांमधला हा वाद जुना आहे. सातारा-सांगली परिसरात त्याला स्वतःचा एक इतिहास आहे, आणि सध्या तो वाद तातडीचाही झाला आहे. त्याविषयी हा धागा.

२/ १९७५ साली बजाज ऑटो आणि राज्य शासनाचे पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून ‘महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन केली. कारखाना उभा राहिला सातारा शहरात. तेथून बाहेर पडलेली १५० सीसीची दोन-स्ट्रोक स्कूटर म्हणजे ‘प्रिया’. गिअरच्या स्कूटरींचे हे उत्पादन २००६ साली थांबले. ज्या प्रिया सर्वांत जुन्या आहेत, त्या आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहेत.

३/ प्रियाचे कूळ इटलीचे. विमानरचनेचे अभियंते कोराडिनो डास्कानियो यांनी १९४६ साली पियाज्जो कंपनीसाठी व्हेस्पा घडवली. १९६० साली बजाजने त्या कंपनीचा परवाना घेतला. १९७१ साली तो करार संपला. त्यानंतर चेतक आणि प्रिया ही भारतीय नावे रुजली. म्हणजे प्रियाचा आराखडा परदेशी असला, तरी परदेशी नावाचा आधार सुटल्यानंतर जन्मलेले हे अपत्य आहे. हीच तिची ऐतिहासिक ओळख.

४/ तो परवाना-पद्धतीचा काळ होता. किती वाहने काढायची, हे कारखाना नव्हे तर सरकार ठरवीत असे. स्कूटरसाठी नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे घरी आलेली स्कूटर टाकून देण्याची वस्तू नव्हती. ती दुरुस्त होत राहिली, रंगवली गेली, वडिलांकडून मुलाकडे आली.

५/ आज मात्र अशा गाड्यांचा ‘जीर्णोद्धार’ करताना एक विचित्र प्रकार घडतो. प्रियाची पाटी उतरते, तिच्या जागी व्हेस्पाची अक्षरे चढतात. फिकट इटालियन रंग येतो, नवी क्रोमची कड येते. गाडी देखणी दिसते, भावही चांगला येतो. पण ती जी कधीच नव्हती, ते रूप तिला चिकटवलेले असते. हा जीर्णोद्धाराचा वेष घेतलेला कायापालटच होय.

६/ मोटरसायकलींतही हेच दिसते. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर जावा बनवली. पुढे त्याच कारखान्यातून ‘येझदी’ आली आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. जावाला मान अधिक, म्हणून कित्येक येझदींच्या टाकीवर जावाचे नाव चढते. एक खोटी जावा वाढते आणि एक खरी येझदी कमी होते.

७/ मग फेरबदल म्हणजे पापच का? तसे म्हटले, तर या भूमीचा अर्धा इतिहास पुसावा लागेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या व्यवसायापासून आरंभ केला. परदेशी नांगर समोर ठेवून त्यांनी इथल्या शेताला मानवेल असा लोखंडी नांगर घडवला, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. आलेले यंत्र जसेच्या तसे न स्वीकारता आपल्या गरजेप्रमाणे वळवणे, हाच येथील कारागिरीचा पाया.

८/ ती परंपरा आजही जिवंत आहे. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, १९६० साली त्याचे नाव सांगली झाले, आणि गावाचा जिल्हा बदलला. २०२१ साली याच गावातील एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. ती नियमांत बसणारी नव्हती. महिंद्रा समूहाच्या प्रमुखांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि ती गाडी आपल्या संशोधन केंद्रात ठेवण्याची इच्छा व्यक्त केली. रस्त्यावर जिला जागा नाही, ती वस्तू जतन करण्याजोगी ठरली!

९/ कायदा काय सांगतो? मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही; २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मात्र चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

१०/ प्रियाच्या बाबतीत ही अट विशेष कठोर आहे. मोटरसायकलला बहुधा वेगळा सांगाडा असतो. टाकी, सीट, मडगार्ड बदलले तरी तो शाबूत राहतो. या स्कूटरीत मात्र पत्र्याचे अंग हाच सांगाडा. तो एकदा कापला, की मूळ गाडी परत येत नाही.

११/ तेव्हा खरी कसोटी ‘जुने की नवे’ ही नाही. बदल मागे घेता येतो का, आणि तो प्रामाणिक आहे का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे. सहा व्होल्टच्या जागी बारा व्होल्टची वायरिंग बसवली आणि जुने भाग डब्यात जपून ठेवले, तर काही बिघडत नाही. गावच्या मेकॅनिकने वीस वर्षांपूर्वी घातलेले ठिगळही इतिहासच आहे. मात्र पत्रा कापणे, इंजिन क्रमांक घासणे, नाव बदलणे, यांना परतीची वाट नाही.

१२/ आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या देवळांवर जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट चढला, तेव्हा भक्ती खरीच होती. झाकला गेला तो दगड. प्रियाचेही तसेच होऊ नये. गोठ्याशेजारी, जिन्याखाली एखादी उभी असेल, तर रंगाऱ्याकडे नेण्याआधी तिची पाटी, क्रमांक आणि जुना रंग यांची छायाचित्रे काढून ठेवा. व्हेस्पा जगभर सापडतील. सातारची प्रिया साताऱ्यातच घडली.

(समाप्त)