निवटी

निवटी (अनेकवचन निवट्या, काही गावांत निवटा, निवटे) : खाडीच्या चिखलात बीळ करून राहणारा आणि ओहोटी लागली की उघड्यावर येऊन चरणारा मासा. पालघर तालुक्यात बोईसरच्या पश्चिमेला दांडी आणि नवापूर या गावांमधून जी खाडी समुद्राला मिळते, तिच्या तिवरांच्या कडेचा गाळ हे निवटीच्या वस्तीचे नेहमीचे ठिकाण. (मिठाच्या सत्याग्रहाची दांडी वेगळी, ती गुजरातेत नवसारीजवळ आहे.) माशाविषयी शाळेत शिकलेली बहुतेक विधाने निवटीला लागू पडत नाहीत, म्हणून तिच्या वागण्याची नोंद येथे सविस्तर केली आहे.

निवट्यांच्या अनेक जाती आहेत. आपल्या किनाऱ्यावरची ठळक जात बोलिओफ्थाल्मस दुसुमिएरी. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन यांनी १८३७ मध्ये मुंबईच्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले आणि दुसुमिए या प्रवासी व्यापाऱ्याचे नाव तिला दिले. इराणच्या आखातापासून मुंबईच्या परिसरापर्यंत ती आढळते. अंग चिखलाच्याच रंगाचे, लांबी साधारण वीतभर, पाठीवरच्या परांवर निळसर ठिपके. तिच्याहून लहान, भित्र्या हालचालींचे पेरिऑफ्थाल्मस वंशातले निवटेही अशा चिखलात असतात.

पाण्याबाहेर निवटी कल्ल्यांच्या पोकळीत ओलावा धरून ठेवते, पण श्वासाचा मोठा भाग ती ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या व घशाच्या अस्तरातून घेते. म्हणूनच ती मधूनमधून डबक्यात लोळून अंग भिजवते. काही जातींना हवेचा स्पर्श न होऊ देता बराच वेळ पाण्याखाली ठेवले, तर त्या गुदमरतात. छातीचे पर कुबड्यांसारखे टेकत ती चालते; घाई असेल तेव्हा शेपटी आपटून उडी घेते.

डोळे डोक्याच्या वर उचललेले असतात. निवटी पापणी मिटावी तसे डोळे खाली कातडीच्या खोबणीत ओढून घेते आणि पुन्हा वर काढते. तिला अश्रूंच्या ग्रंथी नाहीत. अमेरिकेतील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले, की डोळा ओला ठेवणे, कचरा पुसणे आणि इजेपासून वाचवणे ही माणसाच्या पापणीची तिन्ही कामे आफ्रिकी निवट्याच्या या मिटण्यातून होतात. त्याच आफ्रिकी जातीची दुसरी करामत २०१५ मध्ये उजेडात आली. माशाला जीभ नसते, म्हणून जमिनीवरचा किडा गिळायला हा निवटा तोंडातले पाणी पुढे ढकलतो, भक्ष्य त्यात भिजवतो आणि पाण्यासकट परत ओढून घेतो.

दुसुमिएरी मात्र शिकारी नाही. ओहोटीच्या उन्हात गाळावर तपकिरी-सोनेरी साय धरते. ही साय म्हणजे सूक्ष्म शैवालांचा थर. निवटी डोके डावी-उजवीकडे फिरवत तो खरवडून खाते. हा थर जिथे चांगला धरतो तिथे तिची मालकी चालते. कुवेतच्या किनाऱ्यावर क्लेटन आणि व्हॉन यांनी १९८२ मध्ये नोंदवले, की दाटीच्या वस्तीत प्रत्येक निवटी तोंडाने चिखल आणून आपल्या हद्दीभोवती बांध घालते. शेजारच्या हद्दी एकमेकींना भिडल्यामुळे या वाफ्यांना बहुधा पाच कोन येतात. बांधामुळे ओहोटीतही थोडे पाणी साचून राहते आणि शैवाल वाढते. तेव्हा वेगळ्या जातीच्या नावाने नोंदलेला हा मासा दुसुमिएरीच असल्याचे पुढे ठरले. चरण्यासाठी बांध घालून वाफा राखणारा मासा ही माझ्या मते प्राणिवर्तनातली फार मोठी गोष्ट आहे, आणि तिचा नायक आपल्याच खाडीतला आहे.

विणीच्या काळात नर शेपटीवर उभा राहून पर फुलवतो, हवेत उडी घेतो आणि मादीला बिळाकडे बोलावतो. बिळातली व्यवस्था त्याहून विलक्षण. जपानमधील आत्सुशी इशिमात्सु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या पेरिऑफ्थाल्मस मोडेस्टस जातीवर २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास असा : बिळातल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून खोल टोकाला वर वळलेली एक कोठी असते आणि अंडी तिच्या छताला चिकटवलेली असतात. नर ओहोटीत बाहेर येतो, तोंडात हवा भरून घेतो, बिळात उतरून ती कोठीत सोडतो आणि पुन्हा बाहेर येतो. अंडी पाण्यात नव्हे, हवेत वाढतात. दिवस भरले की तोच बाप रात्रीच्या चढत्या भरतीत साठवलेली हवा तोंडाने उपसून बाहेर टाकतो. कोठीत पाणी शिरते, अंडी फुटतात आणि पिल्ले भरतीबरोबर बाहेर पडतात. मादी या पहाऱ्यात नसते.

पालघर-वसईच्या किनाऱ्यावर निवटी आवडीने खाल्ली जाते. दांडी हे मांगेला मच्छीमारांचे गाव. नौका समुद्रात जातात, पण खाडीचा चिखल हाताने मासळी धरणाऱ्यांचा. बिळाला बहुधा एकाहून जास्त तोंडे असतात. एकावर पाय रोवून दुसऱ्यातून कोपरापर्यंत हात घालायचा, ही जुनी रीत. अंगाचा बुळबुळीतपणा राख चोळून काढतात आणि आंबट-तिखट कालवण करतात.

बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याचा प्रश्न निवटीच्या नोंदीत यायलाच हवा. समुद्रातला मासा दूषित पाण्यापासून दूर पोहून जाऊ शकतो. निवटी त्याच गाळावर चरते, त्यातच बीळ करते आणि ओल्या कातडीने श्वास घेते. गाळावर साचलेला तेलाचा किंवा रसायनाचा थर तिच्या अन्नाला आणि श्वासाला एकदमच भिडतो. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने या प्रदूषणाविरुद्ध २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने निकाल देऊन दोषी कारखान्यांवर पर्यावरणीय नुकसानभरपाई बसवली. खाड्या आणि किनारा पूर्ववत करण्याचा खर्च प्रदूषण करणाऱ्यांनी द्यावा, ही मासेमारांची मागणी होती, आणि निवटीच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण हा मासा आपली खाडी सोडून लांब जात नाही.